एकाच गल्लीतले चौदा फॉर्म

मी राज्यशास्त्राची प्राध्यापक आहे, पण राज्यशास्त्रातले बहुतेक लोक मला आपलं मानत नाहीत, आणि मीही त्यांना फारसा मान देत नाही. लोकशाही, न्याय, समाज असे मोठे शब्द घ्यायचे, पंचवीस पानं भरायची आणि शेवटी 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं लिहून मोकळं व्हायचं, एवढंच त्यांचं काम. माझं काम आकड्यांचं. निवडणुकीनंतर घरोघरी जाऊन लोकांची मतं विचारतात, त्या उत्तरांवर कितपत भरवसा ठेवायचा हे तपासण्याच्या पद्धती मी तयार करते. ग्वाल्हेरमध्ये हे काम करणारी मी एकटीच. त्यामुळे इथे मला चूक म्हणणारंही कोणी नाही.

सर्वेक्षणातला जुना रोग म्हणजे बसल्या जागी भरलेले फॉर्म. उन्हातान्हात हिंडायचा कंटाळा आला की माणूस चहाच्या टपरीवर बसतो आणि वीस बायकांची मतं स्वतःच ठरवून टाकतो. पण अशा माणसाची कल्पना लवकर आटते. पाचव्या-सहाव्या फॉर्मनंतर तो तीच ती उत्तरं पुन्हा लिहू लागतो. मी काय करते, तर प्रत्येक फॉर्म दुसऱ्या प्रत्येक फॉर्मशी ताडून बघते आणि किती उत्तरं एकसारखी आली ते मोजते. शेजारी राहणारे लोक थोडंफार सारखं बोलणारच. पण कुठवर सारखं असलं तर तो शेजार आणि त्याच्यापुढे ती लबाडी, ती रेघ कुठे ओढायची हे माझं संशोधन. त्यावर लिहिलेला लेख एका परदेशी नियतकालिकाने परत पाठवला होता. पद्धत चांगली आहे, म्हणाले, पण तिने खरोखरची लबाडी पकडल्याचं एखादं उदाहरण द्या. म्हणजे मला एक चोर हवा होता. हे आधीच सांगून टाकते.

त्या सुमारास माझ्या हाताखाली एक मुलगी बायकांच्या मतांवर पीएच.डी. करत होती. मुलगी म्हणते, पण तिशी ओलांडलेली, एका लेकीची आई. माहेर-सासर दोन्हीकडची माणसं पूर्वी संस्थानच्या फौजेतली, आता कोणी दुकानात, कोणी बँकेत. आमच्याकडचे दरबारात लेखणी चालवणारे. ग्वाल्हेरच्या मराठी लोकांत हा भेद अजून कोणी विसरलेलं नाही, फक्त आता तो हिंदीतून बोलला जातो. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, हिला आकडेवारी काय कळणार. ती पुढे सगळं शिकली, माझ्या चुकासुद्धा दोनदा दाखवल्या, तरी ते मनातलं तसंच राहिलं.

एका खाजगी कॉलेजात ती तासांवर शिकवत होती. पीएच.डी. झाली की तिथेच कायम करू, असं तिला कबूल केलेलं होतं. सासूचा विरोध होता. 'एवढं शिकून काय दिवे लावणार' हे तिला रोज ऐकावं लागे आणि हे ती मला हसत सांगे. एवढ्या एका पदवीवर तिचं सगळं अडलेलं होतं आणि ते मला पूर्ण ठाऊक होतं.

मी तिच्याकडून दोन नियम घोकून घेतले होते. मतदार यादीतून ज्या बाईचं नाव निघेल तिच्याच दारी जायचं, दार बदलायचं नाही. आणि कोण काय बोललं हे मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, अगदी मलासुद्धा नाही. माझ्याकडे जी शीट यायची तिच्यावर फक्त क्रमांक असत. कोणत्या क्रमांकामागे कोणती वस्ती, कोणतं घर, हे तिचं तिलाच माहीत. फॉर्मच्या शेवटच्या पानावर मुलाखत घेणाऱ्याने भरायचे काही रकाने असतात, घर कसं आहे, किती वेळ लागला, तिसरं कोणी हजर होतं का, वगैरे. ते कॉम्प्युटरवर चढवत बसू नकोस, असं मीच तिला सांगितलं होतं. त्यातून काही निघत नाही, उगाच वेळ जातो, असं माझं मत होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी, खोलीतला कूलर नुसता आवाज करत असताना, मी तिची शीट माझ्या प्रोग्रॅममध्ये घातली. बाकी सगळं ठीक होतं. एका भागातले चौदा फॉर्म मात्र एकमेकांशी असे जुळले, की मी दोनदा तपासून पाहिलं. एखाददुसरा प्रश्न सोडला तर चौदाही बायकांनी अगदी तेच सांगितलं होतं. मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. मी उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले आणि लेखात कुठल्या पानावर ही आकृती बसेल ते बघू लागले.

तिला फोन करून विचारणं दोन मिनिटांचं काम होतं. तिच्या कामाचा आढावा घेणाऱ्या समितीची बैठक दोन आठवड्यांवर होती. त्या दोन आठवड्यांत ती तीनदा माझ्या खोलीत आली, एकदा तर माझ्यासाठी घरचं लोणचं घेऊन. मी लोणचं ठेवून घेतलं आणि काही बोलले नाही. मला बैठकीतच बोलायचं होतं.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या कामाचा आढावा असतो त्याने समितीला नाश्ता द्यायचा. ती नई सडकेवरून कचोऱ्या घेऊन आली होती, सोबत वेगळ्या डब्यात चटणी. विभागप्रमुख आणि दोन सहकारी खायला बसले आणि मी पडद्यावर तिचे चौदा फॉर्म लावले. बैठक हिंदीत चालते, पण मी तिला मराठीत विचारलं. बाकीच्यांना मराठी अर्धंमुर्धंच कळतं, त्यामुळे ते ऐकण्याऐवजी समोरच्याचं तोंड बघत बसतात. तेच मला हवं होतं.

"ह्या चौदा घरी तू गेली होतीस?"

"हो मॅडम. सगळ्या घरी गेली होती."

"मग ह्या चौदा बायकांना मिळून एकच डोकं आहे का? पाण्याबद्दल एक मत, रस्त्याबद्दल एक मत. 'सांगता येत नाही' हेसुद्धा सगळ्यांनी त्याच एका प्रश्नाला म्हटलंय."

तिने पडद्याकडे नीट पाहिलं. तिला काय चाललंय ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "मॅडम, तिथे एक बाई सोबत होत्या. पहिल्या घरातल्या. त्या मला पुढच्या घरी पोचवायला म्हणून आल्या आणि तिथेच बसून गेल्या. मग त्याच्या पुढच्या घरी. मी नको बोलली, खूपदा बोलली, पण त्या ऐकायला तयारच नव्हत्या."

"कोण बाई?"

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"नाव नाही का त्यांना?"

"ते मी नाही सांगू शकत, मॅडम."

"म्हणजे बाईसुद्धा टपरीवर बसूनच तयार केलीस."

विभागप्रमुखांना एवढं मराठी कळलं. ते हसले आणि त्यांनी दुसरी कचोरी उचलली.

"फॉर्मवर लिहिलं आहे मॅडम, शेवटच्या पानावर. एकदा बघून घ्या, प्लीज."

"फॉर्म भरणारी तूच. त्यावर तू वाटेल ते लिहिशील," मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले नाही. "त्यापेक्षा घरी बसून पापड लाट. ते सगळे सारखे आले तर लोक निदान कौतुक तरी करतील."

हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं आणि फार आवडलं. नंतर एक-दोन ठिकाणी मी ते सांगितलंही. ती रडली नाही. तिने चटणीचा डबा बंद केला, पिशवीत ठेवला आणि विचारलं, "मी जाऊ?" आठवडाभरात तिची नोंदणी स्थगित झाली. विभागप्रमुखांनी तिच्या कॉलेजात कोणाच्या तरी कानावर घातलं आणि तिचे तासही बंद झाले. मी कोणालाच फोन केला नव्हता, हे मी बरेच दिवस स्वतःला अभिमानाने सांगत असे.

लेख स्वीकारला गेला. त्या चौदा फॉर्मची आकृती फार सुरेख आली होती. बाकी ठिपके खाली गर्दी करून आणि हे चौदा वर कोपऱ्यात वेगळे उभे. खाली मी लिहिलं होतं, 'बनावट मुलाखतींचा सिद्ध झालेला समूह'.

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी मी आईकडे जेवायला गेले होते. आई माझ्या भावाकडे राहते, नया बाजारच्या मागच्या गल्लीत. तिने चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेलेल्या, आणि उरलेल्या निम्म्यांना तिने सुना म्हणून आल्या दिवसापासून वळण लावलेलं. ऐंशीला टेकली तरी तिच्यासमोर कोणी मान वर करून बोलत नाही. मी तर नाहीच.

मला आमटी वाढता वाढता आई म्हणाली, "तुझी ती विद्यार्थिनी परत फिरकली नाही गं."

"कोणती?"

"ती फॉर्म घेऊन आली होती ना, उन्हाळ्याच्या आधी. तिने तुझं नाव नाही घेतलं हं. गळ्यातलं कार्ड बघून मीच ओळखलं की तुझ्याकडची, आणि सांगितलं, मी तिची आई. मला बोलली, मॅडमना सांगू नका मी इथे आली होती, नियम आहे. मी म्हटलं बरं. पण बिचारी एकटी कुठे दारोदार हिंडणार. म्हटलं चल, मी येते पोचवायला."

माझा घास हातातच राहिला. "मग तू प्रत्येकीकडे बसलीस?"

"बसणार नाही तर काय. ती सारखी नको नको करत होती, पण ह्या बायकांना बोलायचं वळण आहे का काही? समोरचीने सांगितलं, पाणी रोज येतं. मी म्हटलं, केव्हा येतं गं रोज, नीट सांग. एकीला तर कळेचना काय बोलायचं, मी म्हटलं, मी जे सांगितलं तेच सांग. सगळ्यांचं एकसारखं आलं की मुलीचं काम साफ होईल, आणि पुढे तुलाही सोपं." तिने भाताचं भांडं पुढे ओढलं. "झाली ना ती पास?"

"अजून वेळ आहे," मी म्हणाले आणि आमटी भुरकत राहिले.

आईला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला त्या वयातही ताटावरून उठवलं असतं. घरी परत येताना ती बैठक माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. 'तुमची आई' हे दोन शब्द त्या मुलीने उच्चारले असते तर सगळा खेळ तिथेच उलटला असता. मी कोण बाई, कोण बाई, म्हणून तिला टोचत होते आणि ती माझ्याच आईचं नाव माझ्यापासून राखत होती, कारण मीच तिला तसं शिकवलं होतं. मला स्वतःची इतकी शरम वाटली, की त्या रात्री मी नवऱ्याशीही धड बोलले नाही.

पण शरमेने माणूस लगेच सुधारतो असं नाही. लेख तेव्हा अजून छापून यायचा होता. शेवटची तपासणी करून पानं परत पाठवायची होती. 'हा समूह बनावट नाही, आकृती काढून टाका' असं एका ओळीत कळवता आलं असतं. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि पानं पाठवून दिली. लेख छापून आल्यावर, मागे फिरायची वाट स्वतःच बंद करून घेतल्यावर, मी तिच्या घरी जायला निघाले. माफी मागायला निघाले होते असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे ती गावात काय काय सांगत फिरते आहे, ते मला बघायचं होतं.

ती दाल बाजारात एका धान्याच्या दुकानावर राहते. जिन्यात डाळीची धूळ, वर दोन खोल्या. मला दारात बघून ती दचकली, पण 'या मॅडम' म्हणाली आणि पलंगावरची कपड्यांची रास उचलून मला बसायला जागा केली. मुलगी शाळेत होती, नवरा कामावर, सासू खाली भाजी आणायला गेलेली. तिने चहा ठेवला. मी उगाच इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदम म्हणाले, "ती बाई माझी आई होती."

तिने चहात साखर घातली.

"त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच बोलल्या होत्या ना, कोणालाच सांगायचं नाही. तुम्हालापण नाही." मग म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही बोलल्या असत्या, आता माझ्या आईला मध्ये आणतेस."

अगदी हेच मी म्हणाले असते. शब्दसुद्धा हेच.

तिने कपाट उघडून वरच्या खणातला गठ्ठा काढला आणि त्यातले चौदा फॉर्म माझ्या मांडीवर ठेवले. मी शेवटची पानं उलटत गेले. पहिला फॉर्म आईचा स्वतःचा, तो सोडला तर प्रत्येक पानावर, त्याच त्या निरुपयोगी रकान्यात, निळ्या शाईने लिहिलेलं होतं, 'शेजारच्या ज्येष्ठ बाई हजर. उत्तरं सुचवतात. विनंती करूनही उठल्या नाहीत. ही मुलाखत वेगळी मोजावी.' तेरा वेळा. कंटाळून एकदाही 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं नव्हतं. माझ्या सगळ्या पद्धतीत जे नव्हतं ते तिने पहिल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, की माणसं सारखं बोलतात ती कधी कधी शेजारी कोण बसलंय ते बघून. ती माझ्यापेक्षा चांगली संशोधक होती. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं आणि तिचा हेवाही वाटला.

"मी समितीला पत्र लिहीन," मी म्हणाले.

तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "लिहाल? मॅडम, माझी मुदत मार्चपर्यंत आहे. मी ऑफिसात विचारून आली होती. तुमचं पत्र गेलं तर परत घेतील." ती आता भरभर बोलू लागली होती. "फक्त एक काम करा. घरी मी सांगितलंय की मला जमलं नाही म्हणून मी सोडलं. चोर म्हणून काढलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? सासूबाई आता येतील. त्यांना तुम्ही सांगा ना, की चूक झाली होती, हिची नव्हती. माझ्या बोलण्यावर विश्वास नाही करणार त्या. तुम्ही बोलल्या तर परत बसू देतील मला."

"सांगते की," मी म्हणाले. तेव्हा मी खरंच सांगणार होते.

जिन्यात पावलं वाजली. सासूबाई आल्या, पिशवी खाली ठेवली आणि मी कोण ते कळल्यावर पदर सारखा करून माझ्या समोरच बसल्या. धिप्पाड बाई, आवाज दाल बाजाराला साजेसा. सुनेने आणलेला चहा माझ्या हातात येईपर्यंत त्या माझी साडी, पर्स, चष्मा निरखत होत्या.

"बरं झालं तुम्ही आल्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "मला तुम्हालाच विचारायचं होतं. हिने तीन-चार वर्षं घर सोडून कागदच कागद केले. मग एक दिवस बोलली, सोडलं. तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सच सांगा. हिच्यात तेवढी अक्कल नव्हतीच ना?"

सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. सगळं सांगायची गरज नव्हती. 'चूक माझी होती', तीन शब्द पुरे होते. पण कोणाची चूक, कसली चूक, असं ही बाई विचारणार. मग आईचं नाव निघणार. ते संध्याकाळपर्यंत दाल बाजारातून नया बाजारात पोचणार, आणि मग छापलेला लेख, ती आकृती, विभागप्रमुख. हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं. शिवाय ही बाई माझ्यासमोर पाय पसरून बसून मला जाब विचारते आहे, याचाही मला राग आला होता. दरबारातली लेखणी अशा वेळी नेमकी आठवते.

"सगळ्यांनाच जमतं असं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे नव्हतीच."

"नाही जमलं तिला," मी म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

"ऐकलंस?" सासूबाई मान वळवून म्हणाल्या. "मी काय बोलत होती? आता तरी तो गठ्ठा काढ घरातून. रद्दीवाला खालीच उभा आहे."

ती पुढे आली. तिने माझ्या मांडीवरचे फॉर्म उचलले, मोजले, आणि कडा नीट जुळवून सासूच्या हातात दिले.